नोंद क्रमांक तीनशे बारा

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी चार हजार माणसांना एका सुरात माझी नक्कल करताना ऐकले. तेही उभ्याने, कारण त्या कार्यक्रमाला खुर्च्या असतात, परंतु त्यांवर बसण्याची पद्धत नसते. हा प्रसंग माझ्यावर कसा ओढवला ते मी क्रमाने सांगणार आहे. मध्येच प्रश्न विचारलेले मला चालत नाहीत.

आमची नात कॉलेजात शिकते. एका रविवारी दुपारी ती कोणत्याशा प्रश्नमंजूषेत दुसरे बक्षीस मिळवून घरी आली. स्पर्धा सामान्य ज्ञानाची असेल अशी माझी समजूत होती. चौकशीअंती कळले की शंभरच्या शंभर प्रश्न एकाच रॉक बँडच्या इतिहासावर होते. हा बँड गेली चव्वेचाळीस वर्षे दौऱ्यावर आहे, म्हणजे ती माणसे घरी जातच नाहीत. त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही. ते घरात उच्चारण्याजोगे नाही. गायकाच्या डाव्या बुटाला किती भोके आहेत, तिसऱ्या दौऱ्यात झांज नदीत कशी पडली, एका कार्यक्रमात गिटारच्या जास्तीत जास्त किती तारा तुटल्या, हे सर्व आमच्या नातीला तोंडपाठ आहे. आजोबांची जन्मतारीख विचारली तर मात्र ती छताकडे बघते.

"एका मार्कानं पहिलं बक्षीस हुकलं गं, आजी," ती म्हणाली. "नोंद तीनशे बारा. घड्याळ किती मिनिटं पुढे होतं, एवढंच विचारलेलं. आपलंही पुढेच असतं ना, म्हणून मी अंदाजानं पंधरा ठोकून दिलं. उत्तर होतं सतरा."

"कुणाचं घड्याळ?"

"त्या खाष्ट घरमालकिणीचं." असे म्हणून तिने पिशवीतून 'एक हजार एक नोंदी' नावाचे जाडजूड पुस्तक काढले आणि वाचून दाखवले:

"नोंद तीनशे बारा. दुसऱ्या दौऱ्यात गाडी बिघडल्याने बँड नऊ दिवस एका घरी मुक्कामास होता. घराला हिरवे फाटक होते व भिंतीवरील घड्याळ सतरा मिनिटे पुढे होते. दहाव्या दिवशी खाष्ट घरमालकिणीने पाचही जणांना साधा चहासुद्धा न देता हाकलून दिले. तिचे शब्द: 'उचला आणि निघा!' बँडचे सर्वांत गाजलेले गाणे याच शब्दांवर बेतलेले आहे. श्रेणी अ."

मी मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून सतरा मिनिटे झाली होती. नातीच्या फोनमध्ये पाच वाजले होते. घड्याळ पुढे ठेवण्याची शिस्त माझी आहे. त्यामुळे या घरात आजवर कोणालाही कशालाही उशीर झालेला नाही. आमचे फाटक हिरवे आहे ही गोष्ट अठरा वर्षे त्यातून ये-जा करूनही नातीच्या ध्यानात आली नव्हती.

"ती घरमालकीण मी," मी म्हटले.

नात मटकन बुटांच्या स्टँडवर बसली. तिच्या चेहऱ्यावर संताप उमटेल अशी माझी अपेक्षा होती. उमटला तो भक्तिभाव. "आजी! 'उचला आणि निघा' म्हणजे *तू*?" आणि ती वळली, तेव्हा तिच्या टी-शर्टच्या पाठीवर तेच चार शब्द... नव्हे, तीन शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले मला दिसले. ते कपडे मी वर्षभर स्वतःच्या हाताने वाळत घालीत होते. दोरीवर नेहमी उलटे घालते, म्हणून वाचनात आले नाहीत.

आता वस्तुस्थिती. ती पाच मुले आमच्याकडे राहिली हे खरे. गाडी आमच्या फाटकासमोर बंद पडली आणि आमच्या यजमानांनी त्यांना आत बोलावले, कारण बंद पडलेली कोणतीही वस्तू यांना आत आणावीशी वाटते. नऊ दिवस मी त्यांना दोन्ही वेळा गरम जेवू घातले. मला ती 'वहिनी' म्हणत, यांना 'दादा'. बूट बाहेर काढत, स्वतःची ताटे स्वतः घासत. दहाव्या दिवशी सकाळी ती आपली आपण गेली. माझ्या घरातून पाहुणा चहावाचून गेला, असे बोलण्याची छाती माझ्या सासूबाईंनाही झाली नव्हती, आणि त्या काही कमी बोलत नसत. ते आता छापून आले होते, वर श्रेणी अ.

"ऐकलंत का?" मी यांना विचारले. हे पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून निवृत्त झालेले आहेत आणि तिथल्या आवाजाने यांना कमी ऐकू येते. केव्हा कमी, हे यांचे हे ठरवतात.

"असेल, असेल," वर्तमानपत्रामागून उत्तर आले.

नोंद दुरुस्त करून घ्यायची, एवढाच माझा संकल्प होता. एक पत्र, एक उत्तर, विषय संपला. परंतु आमच्या इमारतीत कोणाचाही संकल्प एकट्याचा राहत नाही. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यातच म्हणाले, "काकू, ताबडतोब नोटीस पाठवा. अशा गोष्टींकडे दुर्लक्ष केलं की आतून किडत जातं." हे गृहस्थ प्रत्येक प्रश्नाकडे दाढेच्या बाजूने पाहतात. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचे मत नेमके उलट. "काकू, गप्प बसा हो. चव्वेचाळीस वर्षांनी कुणी आपलं नाव काढतंय, आमचं तर घरातही काढत नाहीत." मी म्हटले, नाव काढलेले नाही, 'खाष्ट' म्हटले आहे. त्यावर त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि पुन्हा तोंडात ठेवल्या.

ते पुस्तक काढणारे मंडळ एका चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत भरते. जिना तेवीस पायऱ्यांचा आणि कठड्याविना. कार्यवाह दिवसा वजनमापे निरीक्षक आहेत. दुकानदारांचे तराजू तपासून उरलेला सगळा काटेकोरपणा ते संध्याकाळी येथे वापरतात. मी माझी ओळख सांगितली. ते उठून उभे राहिले, हात जोडले, आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "अर्ज कुठाय?"

"मी स्वतः आले आहे."

"तेच तर अडचणीचं आहे, काकू. तुम्ही स्वतःच ती घरमालकीण असाल, तर तुम्ही हितसंबंधी ठरता. हितसंबंधी व्यक्तीची साक्ष म्हणजे श्रेणी क. ऐकीव."

"मी ऐकलेलं नाही. मी तिथे होते."

"म्हणूनच म्हणतोय."

"आणि ती पाच मुलं? तीही तिथेच होती. त्यांचं बोलणं बरं श्रेणी अ?"

"ते बँड आहेत, काकू," ते दुखावल्या आवाजात म्हणाले.

पुढे कळले की दुरुस्तीचा अर्ज केवळ सभासदांना करता येतो. सभासद होण्यास एक पुस्तिका मिळते, तिच्यावर तीन कार्यक्रमांचे शिक्के लागतात. शिवाय दोन साक्षीदार हवेत. बँडचा दौरा सुदैवाने आसपासच्याच गावांतून चालला होता. 'सुदैवाने' हा शब्द कार्यवाहांचा.

साक्षीदाराच्या सहीसाठी मी घरी येऊन यांच्यापुढे कागद ठेवला. हे म्हणाले चष्मा सापडत नाही. चष्मा यांच्या नाकावर होता. मी तो दाखवून दिला, तर म्हणाले, "हा लांबचा." एकोणपन्नास वर्षांच्या संसारात या माणसाने मला सही नाकारल्याचा हा पहिलाच प्रसंग. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. परंतु मी दमलेले होते, आणि दमलेल्या माणसाला संशय पुढे ढकलता येतो.

पहिला कार्यक्रम साडेसहाचा होता. नातीची परीक्षा असल्याने मी यांना बरोबर घेतले आणि सहा वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे शिष्टसंमत अशा दहा मिनिटे आधी, दारात पोचले. आत अगोदरच गदारोळ चालू होता.

"उशीर झाला, आजी," दारावरचा माणूस म्हणाला. "शिक्का नाही मिळणार. पहिला सूर लागायच्या आत यायचं असतं."

उशीर! हा शब्द मी आयुष्यात इतरांसाठीच वापरलेला आहे. मी तिकीट त्याच्या डोळ्यांपुढे धरले. त्याने ते वाचलेसुद्धा नाही. "साडेसहा म्हणजे सहा तेरा. सगळ्यांना ठाऊक असतं." आमच्या नातीने आजोबांना ते फोनवर सांगितलेही होते, असे नंतर उघडकीस आले. यांनी तिला काय उत्तर दिले असेल, ते चाणाक्ष वाचकाने ओळखले असेलच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवीस पायऱ्या. कार्यवाहांनी समजावून सांगितले की बँड दरवेळी छापील वेळेच्या सतरा मिनिटे आधी सुरू करतो. दुसऱ्या दौऱ्यापासूनची प्रथा आहे. कारण अज्ञात. "नोंद आठशे चार. श्रेणी ड, म्हणजे गूढ. तीन मतप्रवाह आहेत. एक ग्रहांचा, एक गायकाच्या आईचा, आणि एक मी स्वतः मांडलेला आहे."

"सतरा मिनिटं," मी म्हटले.

"सतरा."

"दुसऱ्या दौऱ्यापासून."

"हो."

"आणि तुमच्याच पुस्तकात तीनशे बारा क्रमांकावर सतरा मिनिटं पुढे असलेलं घड्याळ आहे, तेही दुसऱ्याच दौऱ्यात."

कार्यवाहांचा चेहरा हळूहळू पांढरा झाला. दोन नोंदींमध्ये जवळजवळ पाचशे नोंदींचे अंतर होते. तीनशे बारा ही निवास उपसमितीकडे, आठशे चार ही कालमापन उपसमितीकडे. आणि या दोन उपसमित्या गेली अकरा वर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या. खोलीत दोन वेगळ्या चहाच्या किटल्या का आहेत, ते मला तेव्हा उमगले.

"काकू, ते घड्याळ अजून आहे?" त्यांनी कुजबुजत विचारले. "ते आणून दाखवलंत, तर तुमची साक्ष क वरून ब वर जाईल. मी स्वतः मोजेन."

घड्याळ शुक्रवारी न्यायचे ठरले. डॉक्टरांनी लगेच सल्ला दिला की पुरावा स्वच्छ असावा. मी गुरुवारी बाजारात गेले असता आमच्या यजमानांनी, ज्यांना चव्वेचाळीस वर्षांत त्या घड्याळाची किल्लीसुद्धा द्यावीशी वाटली नव्हती, ते खाली उतरवून घड्याळजीकडे नेले. परत आणले तेव्हा काच लखलखत होती. मी ते चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, बसमधून मंडळात नेले. बसमधल्या एका बाईंनी बाळाचे नाव विचारले. दोन्ही उपसमित्या भिंतींना टेकून समोरासमोर उभ्या होत्या. कार्यवाहांनी सरकारी मनगटी घड्याळ काढून शेजारी धरले, वाकून पाहिले, मग दुसऱ्या बाजूने पाहिले.

"अगदी बरोबर वेळ दाखवतंय, काकू," ते म्हणाले. सांत्वनाला आलेली माणसे असाच आवाज काढतात.

घड्याळजीने तेल दिले होते, चाके पुसली होती आणि काटे जागेवर आणून ठेवले होते. त्याबद्दल त्याने यांच्याकडून शाबासकीही मिळवली होती. मी घरी आल्यावर यांना एक शब्दही बोलले नाही. हा उपाय मी क्वचित वापरते, कारण तो यांना आवडू लागण्याचा धोका असतो.

आता पुरावा गेला, साक्षीदार चष्म्यामागे लपला; उरले ते केवळ शिक्के. नातीला घेऊन मी बसने पहिले गाव गाठले. डॉक्टरांनी कानांत घालण्यास कापूस दिला होता. दातांसाठी असतो तो, लवंगेच्या वासाचा. सहा वाजता मी आत होते. सहा तेराला पडदा वर गेला आणि माझ्या पोटातले आतडे वेगळ्या ठेक्यावर हलू लागले. हे संगीत ऐकायचे नसते, सोसायचे असते, एवढे निरीक्षण मी नम्रपणे नोंदवते.

तासाभराने सगळे शांत झाले. गायक एकटा पुढे आला. केस पिकलेले, अंगात काहीतरी चकचकीत. त्याने एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्या हाताचे बोट उगारले, आणि बारीक, किनऱ्या आवाजात सुरुवात केली: "नऊ दिवस झाले! दहाव्या दिवशी ती बाई दारात उभी राहिली! चहासुद्धा न देता म्हणाली—"

आणि चार हजार माणसे एकदम ओरडली, "उचला आणि निघा!"

माझा आवाज किनरा नाही. मी बोटही उगारत नाही. मला त्याची गरज पडत नाही. परंतु हे सांगायचे कोणाला? शेजारी एक मुलगी उड्या मारीत होती. मी गप्प उभी आहे असे पाहून तिला माझी दया आली. "आजी, तुम्हाला येत नाही का? सोप्पंय! 'उचला'वर जोर द्यायचा, आणि 'निघा' लांबवायचं. माझ्या मागून म्हणा."

माझेच म्हणून जगाने धरलेले वाक्य म्हणायला मला एका अनोळखी मुलीने शिकवले. तिला माझा उच्चार पसंत पडला नाही.

पहिला शिक्का मिळाला. दुसऱ्या गावीही हेच झाले, फक्त तेथे पाऊण तास बस बंद पडली आणि हा भाग मी चालकाशी बोलून लवकर आटोपला. येताना नात माझ्या खांद्यावर डोके ठेवून म्हणाली, "आजी, सोडून दे ना. दमतेस तू. लोकांना ती बाई आवडते, खरंच."

"लोकांना आवडावी म्हणून मी चहा करत नव्हते," मी म्हटले. "माझ्या दारातून कुणी तसं गेलेलं नाही. मी मेल्यावर तुम्ही काय ते छापा."

माझी पिशवी तिने स्वतःच्या मांडीवर घेतली.

तिसऱ्या गावी आम्ही चार वाजताच पोचलो. नात रांगेत उभी राहिली. माझ्या गुडघ्यांनी रांगेस नकार दिल्याने मी सभागृहाच्या मागच्या बाजूला, पहारेकऱ्याची खुर्ची मागून घेऊन, सावलीत बसले. थोड्या वेळाने मागचे दार उघडले आणि एक म्हातारा बाहेर आला. कमरेला गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्याने बांधलेली, पायांत चार बोटे टाचांचे चंदेरी बूट. तो बसायला जागा शोधू लागला. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मी होते. तेव्हा तो भिंतीला टेकला आणि कण्हला.

"बूट काढ आधी," मी म्हटले. "असल्या टाचा घातल्यावर कंबर धरणार नाही तर काय होईल?"

बोलणारे कोण हे पाहण्याआधीच तो वाकला होता आणि त्याने बंद सोडलेही होते. एक बूट हातात आल्यावर त्याचे त्यालाच नवल वाटले असावे. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"वहिनी?"

मला कोणी वहिनी म्हणून हाक मारल्याला किती वर्षे झाली असतील! म्हणणारे सगळे एकेक करून गेले. पण मी ज्या कामासाठी आले होते ते विसरणाऱ्यांपैकी नाही.

"चहा दिला होता की नाही?" मी विचारले.

"दिला होतात," तो लगेच म्हणाला. "दोनदा. ड्रमवाल्यानं तिसऱ्यांदा मागितला, तोही दिलात."

"मग?"

"गोष्टीत चहा बसत नाही हो, वहिनी. चहा दिला म्हटलं की कुणी हसत नाही."

"आणि मी हाकललं, हेही असंच हसण्यासाठी?"

दुसरा बूट काढून त्याने दोन्ही बूट भिंतीशी नीट जोडीने ठेवले, मी शिकवले होते तसे. "तुम्हाला खरंच आठवत नाही?" त्याने विचारले. "गाडी सातव्या दिवशीच दुरुस्त झाली होती. आम्ही लपवलं. दादांना मेकॅनिकनं सांगितलं होतं, तेही काही बोलले नाहीत. आम्ही बँड मोडायचं ठरवलं होतं. पुढच्या गावी जायचंच नाही, घरी जायचं, असं. ड्रमवाला तुमच्या स्वयंपाकघरात ताट घासता घासता रडत होता. सगळे त्याची समजूत घालत होते. तुम्ही आलात आणि विचारलंत, पुढच्या गावची तिकिटं छापलीत का? आम्ही म्हटलं, हो. तुम्ही म्हणालात, मग रडताय काय? उचला आणि निघा."

आणि मला आठवले. सगळे आठवले, एकदम. नातीचा बाप तेव्हा दोन वर्षांचा होता आणि तीन रात्री तापाने फणफणत होता. नऊ दिवस त्या ड्रमवाल्याने माझे एकही भांडे न वाजवता ठेवले नव्हते. मला पुढच्या खोलीत दार लावून तासभर आडवे व्हायचे होते, आणि तेथे पाच मुले आणि त्यांचे पेटारे होते. माझा आवाज तेव्हा थोडा किनरा झालाही असेल.

या टप्प्यावर काहीतरी उदात्त बोलून वेळ मारून नेता आली असती. तो तशाच अपेक्षेने माझ्याकडे पाहत होता.

"मी तुमच्या भल्यासाठी म्हटलं नव्हतं," मी म्हणाले. "मला माझी खोली हवी होती. दमले होते मी."

तो कमरेवरची पिशवी धरून हसू लागला, हसता हसता कळ आली म्हणून थांबला, आणि पुन्हा हसला. "म्हणून तर पटलं, वहिनी! बाकी सगळे गोड बोलत होते. तुम्ही आम्हाला खरोखर कंटाळला होतात. निघालो ते थेट पुढच्या गावी. आमच्यात घड्याळ एकट्या ड्रमवाल्याकडे, ते तुमच्या भिंतीवरच्याला लावलेलं. त्यामुळे सतरा मिनिटं आधीच सुरू केलं. समोर अकरा माणसं. बाकीचे येईपर्यंत आमची भीती मोडली. पहिल्यांदाच बरं वाजलं. तेव्हापासून त्यानं ते घड्याळ बदललं नाही, अजून तेच बांधतो."

मग त्याची नजर चंदेरी बुटांकडे गेली.

"वहिनी, आता आम्ही दमलोय," तो म्हणाला. "पाचही जण. चव्वेचाळीस वर्षं झाली. पण थांबा असं कुणी म्हणत नाही. टाळ्या वाजवतात."

मी त्याच्याकडे पाहिले. बाविसाव्या वर्षी तो जसा पाहत असे, तसाच आताही पाहत होता. कोणीतरी मोठ्या माणसाने सांगावे आणि आपण ऐकावे, असे.

"पुढची तिकिटं छापलीत?"

"सहा गावांची."

"ती पुरी करा. दिला शब्द मोडायचा नाही. मग सरळ घरी या. चार वाजता. चहा ठेवते."

"चालेल," असे तो इतक्या हळू म्हणाला की कापूस काढलेला असूनही मला ते जेमतेम ऐकू आले.

त्या संध्याकाळी तो नेहमीप्रमाणे पुढे आला, कमरेवर हात ठेवला, बोट उगारले. "दहाव्या दिवशी ती बाई दारात उभी राहिली! चहासुद्धा न देता—" आणि तो थांबला. बोट खाली आणले. "नाही. चहा दिला होता. दोनदा. ड्रमवाल्याला तीनदा."

कोणीही हसले नाही. चार हजार माणसे ओरडण्यासाठी तोंडे उघडून तशीच उभी राहिली. त्याचे म्हणणे खरे होते. गोष्टीत चहा बसत नाही. त्या शांततेत मी मात्र खुर्चीवर बसले. तीन कार्यक्रमांत प्रथमच, आणि अगदी आरामात.

तीन शिक्क्यांची पुस्तिका घेऊन मी मंडळात गेले आणि साक्षीदारांच्या रकान्यात 'चार हजार' असे लिहिले. 'हाकलून दिले' या शब्दांवरचा माझा आक्षेप मी मागे घेतला. आक्षेप मागे घेण्यास वेगळा अर्ज लागतो, तोही भरला. 'खाष्ट' या शब्दाचा मी आग्रह धरला नाही. चहापुरतीच दुरुस्ती मागितली. कार्यवाहांनी कपाळाला हात लावला. गायकाची विधाने श्रेणी अ. चव्वेचाळीस वर्षे तो चहा दिला नाही म्हणत आला, एकदाच दिला म्हणाला. दोन्ही श्रेणी अ. दोन्ही उपसमित्यांची संयुक्त बैठक झाली, अकरा वर्षांत पहिलीच, आणि ठराव संमत झाला. नव्या आवृत्तीत तीनशे बारा क्रमांकाच्या शेवटी एक वाक्य असेल: 'चहाबाबत मतभेद आहेत.'

घरी आल्यावर मी यांच्यासमोर उभी राहिले. "गाडी सातव्या दिवशी दुरुस्त झाली होती," मी म्हटले.

वर्तमानपत्र खाली आले. "ती मुलं होती म्हणून घरात जरा गजबज होती," हे म्हणाले. "आणि तू खरंच तसं म्हणाली होतीस गं. आता सही करून खोटं कसं बोलू? घड्याळ बरोबर केलं की प्रकरण तिथंच मिटेल, असं वाटलं मला." हे सगळे यांनी मी एकदाच आणि हळू विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितले, याची मी मनात नोंद घेतली. मग स्टुलावर चढून मी घड्याळाचा काटा सतरा मिनिटे पुढे सरकवला. यांनी स्टूल धरले.

सहा गावे संपल्यावर ठरल्या दिवशी मी आधण ठेवले. नात फोनकडे पाहून म्हणाली, "अगं आजी, एवढ्यात कशाला? चारला अजून सतरा मिनिटं आहेत." तेवढ्यात फाटक वाजले. भिंतीवर बरोबर चार झाले होते.

दाराबाहेर बुटांचे पाच जोड ओळीने लागले. पाच म्हातारे पुढच्या खोलीत बसले, हे मध्ये बसले, आणि दोन तास बंद पडलेल्या गाडीबद्दल बोलले. ड्रमवाल्याने तिसरा चहा मागितला, तो दिला. कप घासायला तो स्वतःच उठला आणि आतून वाजवण्याचा आवाज येऊ लागला. मी दमले होते. सहा वाजले असावेत म्हणून मी सहज घड्याळाकडे पाहिले. तोंडही उघडले नव्हते. पण तेवढ्याने आतले वाजणे थांबले, आणि बाहेरचे चौघे गुडघ्यांवर हात टेकून एकदम उठू लागले.

"बसा," मी म्हटले. "आता कुठली तिकिटं छापली आहेत?"

नातीने ते लगेच कुठेतरी लिहून घेतले. श्रेणी कोणती घातली, ते मी विचारले नाही.